आई-बाबा म्युनिकला येतायत? आधी सोमवार ते शुक्रवारचं प्लॅनिंग करा

आजचा विषय जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी पोरा-पोरीच्या वाट्याला कधी ना कधी येतो. आई-बाबा येणार! मी म्युनिक डोळ्यासमोर ठेवून बोलतोय, पण तुम्ही बर्लिनला असा नाहीतर श्टुटगार्टला, मुद्दा तोच आहे.

आपण काय करतो? लगेच एक्सेल शीट उघडतो. हा वीकेंड स्वित्झर्लंड, तो वीकेंड पॅरिस. शनिवार-रविवार फुल्ल. आणि सोमवार ते शुक्रवार? तो कॉलम रिकामा. तुम्ही ऑफिसला, आणि ते दोघं चौथ्या मजल्यावर खिडकीतून ट्राम बघत बसलेत. गावात ज्यांचं दहा जणांशी बोलल्याशिवाय पान हलत नाही, त्यांना इथे दूध आणायलाही तुमची वाट बघावी लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या सिस्टिमचा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर तुम्ही असता. म्हणून माझं म्हणणं एकच: प्लॅनिंग असं करा की तुमच्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येईल. बाकी सगळं त्यानंतर.

सुरुवात तारखांपासून. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. तेव्हा हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात आणि ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मोठी औद्योगिक प्रदर्शनं असली तरी तीच गत. त्यापेक्षा मे-जून बेस्ट. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, थंडीही बेताची.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावं लागतं. जर्मनमध्ये त्याला फर्फ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग म्हणतात. नाव लांबलचक आहे, फी २९ युरो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. पण फक्त आकडा बघू नका. बाबांना बीपी, आईला शुगर असेल, तर आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते नीट वाचा.

आता राहायचं कुठे? तुमच्याकडे टू-बीएचके असेल तर प्रश्नच नाही. पण बहुतेकांचा एका खोलीचा फ्लॅट. पंधरा दिवस चालून जातं, तीन महिने नाही. मग जवळपास फेरीएनवोनुंग बघा, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याने मिळणारं सुट्टीतलं घर. हॉटेलपेक्षा हे बरं, कारण सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात त्यांना हाताने करता येतो. बुक करताना मरीनप्लाट्झपासून किती किलोमीटर, हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि ट्रामचा किंवा उ-बानचा स्टॉप किती मिनिटांवर आहे? जुन्या, सुंदर इमारतींमध्ये लिफ्ट नसते, आणि गुडघ्यांना सौंदर्य कळत नाही! पाहुणे तुमच्याकडेच बरेच आठवडे राहणार असतील तर घरमालकाला एक ईमेल टाकून ठेवा. आणि रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, हे आई-बाबांना आधीच सांगा. मिक्सर दिवसा.

मग तिकीट. म्युनिकच्या स्टेशनांवर आपल्या मेट्रोसारखी गेटं नाहीत. काही तिकिटांवर आपणच मशीनमध्ये शिक्का मारायचा असतो. विसरलात आणि तपासनीस आला, तर ६० युरो दंड. आई-बाबांच्या डोक्याला हा ताप नको. महिनाभर राहणार असतील तर दोघांना डॉइचलँडटिकेट काढा. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरोला आहे. झोन नाही, शिक्का नाही, बस, ट्राम, उ-बान, एस-बान सगळं चालतं. लोकल गाड्या देशभर चालतात, फक्त आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत चालत नाही. हे सबस्क्रिप्शन आहे, त्यामुळे ज्या महिन्याअखेर बंद करायचं त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. चार दिवसांसाठीच आले असतील तर ग्रुपचं दिवसाचं तिकीट घ्या, त्यात पाच मोठी माणसं फिरू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. पहिल्या वीकेंडला राजवाडे नकोत. दोन रूट शिकवा. एक, घर ते जवळची बाग आणि सुपरमार्केट. दुसरा, घर ते मरीनप्लाट्झ आणि परत. पहिल्यांदा तुम्ही पुढे चाला. दुसऱ्यांदा त्यांना पुढे चालू द्या आणि तुम्ही गप्प मागे राहा. बाबा चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गेले तरी दोन मिनिटं बोलू नका! मरीनप्लाट्झला नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यात रोज ११ आणि १२ वाजता घंटा वाजतात आणि बाहुल्या नाचतात. एकट्याने जाण्यासाठी झकास निमित्त आहे, आणि फुकट. रविवारी दुकानं बंद असतात, हेही सांगून ठेवा.

लांबची सहल करायची तर साल्झबुर्ग सोपं पडतं. डॉइचलँडटिकेटवर लोकल गाडीने थेट जाता येतं. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायचाच असेल, तर खालच्या गावातून अर्धा-पाऊण तास चढ आहे आणि आत भरपूर पायऱ्या. वेळेचं तिकीट आधी काढा आणि त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका.

शेवटी, एक कागद दोघांच्याही खिशात ठेवा. त्यावर जर्मनमध्ये घराचा पत्ता, तुमचा नंबर, औषधांची मूळ नावं आणि इमर्जन्सीचा ११२. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

हे सगळं जमलं की एक दिवस मीटिंगमध्ये असताना फोन वाजेल, 'आम्ही बाहेर आलोय, तू जेवून घे.' तेव्हा समजा, प्लॅनिंग जमलं. हा भाग ज्याच्याकडे पाहुणे येणार आहेत त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!