शाळेची चिठ्ठी आणि घराचे कर्तव्य



आपल्या संमेलनात दरवर्षी गुणवंत मुलांचा सत्कार होतो, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि गुणपत्रिकेखेरीज आणखी एक कागद शाळेतून घरी येत असतो. तो म्हणजे आरोग्यतपासणीची चिठ्ठी. तिचा मान आपण राखतो काय, एवढाच प्रश्न आम्हास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

शाळेत मुलांची प्रकृती तपासावी हा विचार नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्या देशातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तोच मानला जातो. ज्या मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाही, त्यास केवळ वर्गात बसवून विद्या येत नाही, हे उघड आहे.

सांप्रत ही सोय खेडोपाडी पोहोचली आहे. २०१३ सालच्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतील बालकांस वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांस एकदा तपासावे, अशी योजना आहे. जन्मजात व्यंग, पोषणातील उणीव, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी पाहिल्या जातात. दोष आढळल्यास चिठ्ठी देऊन मुलास रुग्णालयाकडे धाडतात. पुढील उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, विनामूल्य होते.

येथपर्यंत सरकारचे काम, पुढचे घराचे. आणि येथेच गाडी अडते. "मुलीला चष्मा लागला हे चारचौघांत कळले तर उद्या स्थळ कसे येईल?" या विचाराने चिठ्ठी फडताळात जाते. "वयाबरोबर जाईल" या समजुतीने दुसरी जाते. बंधुभगिनींनो, दोष वाट पाहत नाही. एका डोळ्याची दृष्टी बालपणीच सुधारली नाही तर मेंदू त्या डोळ्याची दखल घेणे सोडतो आणि पुढे चष्मा लावूनही दृष्टी पुरती येत नाही. वाहत्या कानाची हयगय झाली तर ऐकू येणे मंदावते आणि हुशार मूल मठ्ठ ठरते. स्थळासाठी झाकलेला दोष त्याच मुलीस जन्मभर भोगावा लागतो.

झाकण्याची हीच सवय शाळेशीही घातक होते. मुलास दमा वा फेफरे असल्यास वर्गशिक्षकांस अवश्य सांगावे. प्रसंग ओढवल्यावर त्यांनी काय करावे, हे त्यांस आधीच ठाऊक हवे. गोवर अथवा कांजिण्या झालेल्या मुलास परीक्षा बुडेल म्हणून शाळेत धाडू नये. इतरांच्या मुलांचाही विचार करावा. जंतनाशक गोळीच्या दिवशी अफवेला भिऊन मूल घरी ठेवू नये. मूल त्या दिवशी आजारी असेल तर मात्र तसे शिक्षकांस कळवावे.

आपले हक्कही ओळखावेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. याच कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्या मातांनी त्या समितीत बसून तपासणी कधी झाली, पुढे काय झाले, हे विचारावे. ज्यांची मुले विनाअनुदानित खाजगी शाळांत आहेत, त्यांनी तर अधिकच सावध असावे. सरकारी पथकाची योजना त्या शाळांसाठी नाही. तेथे ही चौकशी पालकांनीच करावयाची.

शेवटी मंडळास आमची एक विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात एक ओळ वाढवावी: "डोळे, कान व दात तपासले काय?" उत्तर नकारार्थी आल्यास शिष्यवृत्ती अडवू नये; ज्ञातीतील एखाद्या डॉक्टरांनी त्या घरी जाऊन, आईबापांस विश्वासात घेऊन, मुलास रुग्णालयापर्यंत पोहोचवावे. खर्च अल्प आहे, लज्जा मात्र मोठी आहे. आणि ज्ञातीची लज्जा ज्ञातीनेच दूर करावयाची असते. पुढील वर्षी सत्कारास येणारे प्रत्येक मूल व्यासपीठावरील फलक स्वतः वाचू शकेल, एवढे झाले तरी मंडळाचे कार्य सार्थकी लागले असे आम्ही समजू.