ई-मेलचे टपाल आणि नामावलीचा शोध



पाकिटावर ४२५४१२ हा पिनकोड असला की ते नंदुरबारच्या वाटेस लागते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. परंतु गावी आलेले पत्र घरी पोचविण्यास पोस्टमनची ओळख लागतेच. ई-मेलच्या प्रवासात या ओळखीची जागा नामावलीने घेतली आहे.

ई-मेलच्या पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग म्हणजे जणू टपालकचेरीचे नाव. त्या नावाचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, हे पाठविणारा सर्व्हर डीएनएस या जगव्यापी नावसूचीस विचारतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही सूची आखली.

पत्र पोचले, तरी ते कोणाचे हे ठरावयाचे असते. मोठ्या कार्यालयात सर्वांची नावे व टपालपेट्या यांची नोंद बहुधा निराळ्या नामावली-सर्व्हरवर असते. तो कोठे आहे? यंत्रे बदलतात, म्हणून त्याचे ठिकाण कायमचे लिहून न ठेवता पुन्हा डीएनएसलाच विचारण्याची सोय आहे. उत्तरात यंत्रांची नावे, द्वारक्रमांक (बहुधा ३८९) आणि प्राधान्यक्रम येतो. पहिले यंत्र बंद असल्यास दुसऱ्यास विचारावयाचे. मुख्याध्यापक रजेवर असता आपण प्रभारींकडे जातो, तसेच हे.

आणि कोणीच उत्तर दिले नाही तर? येथे खरी मेख आहे. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव नसणे वेगळे आणि कपाटाची किल्ली नसल्याने रजिस्टर पाहताच न येणे वेगळे. नाव नसेल तर सर्व्हर ५ ने आरंभ होणारा आकडा देतो व पत्र परत येते. नामावलीच गप्प असेल तर आकडा ४ ने आरंभ होतो. पाठविणारा सर्व्हर पत्र जपून ठेवतो व सामान्यतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. हा भेद न पाळणारा सर्व्हर शिष्यवृत्तीचा बिनचूक पत्त्याचा अर्जही ‘असा कोणी नाही’ म्हणून परत धाडील, आणि मुदत टळून जाईल. शिक्षकाने म्हणूनच परतीच्या पत्रातील तो आकडा आधी पाहावा. ४ असल्यास तेच पत्र दहादा पाठविण्याचे कारण नाही. ५ असल्यास दहादा पाठवूनही उपयोग नाही, पत्ता तपासावा.

आपल्या जिल्ह्यात यात एक भर पडते. ‘वळवी’ हे आडनाव रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. नामावलीच्या लेखी त्या दोन निराळ्या व्यक्ती. दोन्ही रूपे एकाच टपालपेटीपुढे नोंदविता येतात. मात्र ती नोंद संगणक-व्यवस्थापकाकडून आधीच करवून घ्यावी लागते.