मनःस्वास्थ्य आणि समाजाची सोबत

(खोपट, ठाणे येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाला हे स्थळ फार अनुरूप आहे. खोपटच्या एसटी आगारात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गाड्यांची ये-जा चालू असते. पलीकडे रेल्वेमार्ग आहे. त्या मार्गाने कल्याण-डोंबिवलीची लक्षावधी माणसे रोज उभ्याने प्रवास करून कामाला जातात आणि थकून परततात. ही धावपळ एका बाजूस, तर दुसऱ्या बाजूस काही किलोमीटरच्या परिसरातच येऊरचे अरण्य, मासुंद्याचा तलाव आणि ठाण्याची खाडी आहे. याच परिसरात १९०१ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. मनाला थकविणारे जीवन, मनाला विसावा देणारा निसर्ग आणि मनाच्या आजारावर उपचार करणारी संस्था अशा तिन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत. उणीव आहे ती या तिन्हींना जोडणाऱ्या दुव्याची. माझ्या मते तो दुवा म्हणजे समाजाची सोबत होय. आज मी मुख्यतः तिच्याविषयीच बोलणार आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणी केलेल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले, आणि त्यांतील फार मोठ्या बहुसंख्येला कोणताही उपचार मिळत नव्हता. याचा अर्थ असा की, दहा माणसांच्या बैठकीत एकाला मदतीची गरज असू शकते आणि बहुधा ती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

मदत का पोहोचत नाही? तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, हे एक कारण. परंतु त्याहून मोठे कारण असे की, ताप आला तर आपण मोकळेपणाने सांगतो, पण मन खचले तर ते लपवितो. झोप उडालेला शिक्षक "जरा दगदग झाली" असे म्हणतो. कर्जाने वाकलेला शेतकरी पारावर येणे सोडतो. घरातील व्यसनाने पिचलेली स्त्री "आमचे सर्व ठीक आहे" असे सांगून दार लावून घेते. हे बंद दार उघडण्याचे काम औषधाची बाटली करू शकत नाही. त्यासाठी दारावर थाप मारणारा माणूस लागतो.

ध्यान : फल आणि मर्यादा

मन शांत करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. ठाणे-नाशिक मार्गावर, कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर इगतपुरी लागते. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडाले येथे झाला. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ब्रह्मदेशात शिक्षण घेऊन १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीस 'धम्मगिरी' हे केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरास शुल्क नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत दिली. 'मित्र उपक्रमा'च्या रूपाने आनापानाचा, म्हणजे श्वासाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव शाळांतही पोहोचला. ठाण्यात हठयोगी निकम गुरुजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या श्री अंबिका योग कुटीरामुळे योगाभ्यास सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आला. पश्चिमेकडे १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानावर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यानंतर या विद्येचा शास्त्रीय कसोट्यांवरील अभ्यास वाढत गेला.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ध्यान ही मनाची मशागत आहे. ती प्रत्येक रोगावरील मात्रा नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दीर्घ मौनाच्या शिबिरात बसू नये, अशी सूचना विपश्यना केंद्रेही देतात. ज्याला भास होतात, ज्याच्या मनात जीवन संपविण्याचे विचार येतात, त्याला "जरा ध्यान कर" असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाने चालण्याचा व्यायाम सांगण्यासारखे आहे. त्याला प्रथम डॉक्टरांकडे नेले पाहिजे. चालू असलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

निसर्ग : हाताशी असलेले औषध

१९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या नोंदी अभ्यासून एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. जपानच्या वनखात्याने १९८२ पासून अरण्यात निवांत वेळ घालविण्याचा पुरस्कार केला. त्याला तेथे 'अरण्यस्नान' अशा अर्थाचे नाव आहे.

आपल्या पूर्वजांना हे निराळ्या वाटेने उमगले होते. येऊर ज्याचा भाग आहे, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. खडकात कोरलेल्या त्या खोल्यांत बसण्या-निजण्यासाठी दगडी ओटे आहेत, बाहेर पाण्याची टाकी आहेत आणि समोर रान आहे. भिक्षू तेथे ध्यान करीत. परंतु ते एकटे राहत नसत. एकत्र बसण्यासाठी तेथे चैत्यगृह आणि सभामंडपही आहेत. एकांत, अरण्य आणि संघ या तिन्हींची सोय त्या डोंगरात शेकडो वर्षे होती.

आज ठाणेकरांच्या वाट्यास तीसहून अधिक तलाव आहेत. खाडीवर २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीची नोंद रामसर यादीत झाली. शाळांच्या सहली दूरच्या करमणूक उद्यानांत नेण्याऐवजी वर्षातून एकदा येथे नेता येतील. येऊरमध्ये जाताना मात्र वनखात्याचे नियम पाळावेत, गोंगाट व कचरा करू नये. ते बिबट्याचे घर आहे, तसेच तेथील आदिवासी पाड्यांचेही. ज्या गावी असा निसर्ग नाही, तेथे देवराई असेल, नदीकाठ असेल, निदान शाळेभोवती लावता येतील अशी झाडे असतील. पंचायतीने मोकळी जागा राखणे हेही आरोग्याचेच काम आहे, हे सदस्यांनी ध्यानी घ्यावे.

सोबत : उपचाराचा पाया

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ध्यानाचा निश्चय चार दिवसांत ढळतो आणि सहलीचा आनंद सोमवारी ओसरतो. तो टिकतो केव्हा? पुढच्या आठवड्यात आपली वाट पाहणारे कोणी असेल तेव्हा. महाराष्ट्रात याची भक्कम उदाहरणे आहेत.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे मोठे साहाय्य लाभले. तेथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना हात देतात. घरी परतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा होतात आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीही स्वतंत्र गट चालतो. व्यसन सुटण्याच्या वाटेवर एकमेकांसमोर मन मोकळे करणे किती मोलाचे आहे, हे या कार्याने दाखवून दिले.

आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन केली. तज्ज्ञांच्या जोडीला प्रशिक्षित स्वयंसेवक, रुग्णांचे व नातेवाइकांचे स्वमदत गट आणि विद्यार्थ्यांसाठी 'वेध'सारखे कार्यक्रम अशी तिची घडण आहे. १९०१ साली मनोरुग्णालय आले ते उंच भिंतींसह. सुमारे नव्वद वर्षांनंतर त्याच शहरात मानसिक आरोग्याचे काम भरवस्तीत आले. हे अंतर वर्षांपेक्षा दृष्टीतील बदलाने मोजावे.

तिसरे उदाहरण खेड्यांतील आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविण्यात आला. गावोगावच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणे, धीर देणे, समुपदेशन करणे आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठविणे ही कामे सोपविण्यात आली. प्रारंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. अशीच वाट आफ्रिकेतील झिम्बाब्वेनेही धरली. २००६ पासून तेथे प्रशिक्षण घेतलेल्या आजीबाई दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसून लोकांची दुःखे ऐकून घेतात. आपल्या गावच्या पाराला हे काम नवे वाटण्याचे कारण नाही.

वारीचा धडा

या तीन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हे शिकण्यास आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरकडे निघालेली वारी पाहावी. मुखी नाम आहे, हे ध्यान झाले. आषाढातील मोकळ्या आभाळाखाली, दिवेघाटातून आणि शेतांच्या कडेने सुमारे तीन आठवडे पायी चालणे आहे, हा निसर्ग झाला. आणि दिंडी आहे. दिंडीत आपली जागा ठरलेली असते. कोणी मागे राहिला तर सोबत्यांच्या ते लक्षात येते. कोणाचा पाय सुजला तर कोणी तो चेपतो. वारकऱ्याच्या चेहऱ्यावरील आनंद या तिहेरी गोफातून येतो. वर्षातून एकदा भेटणारी ही दिंडी गावात आणि कार्यालयात बारमाही कशी चालेल, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

आपल्याला काय करता येईल

त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेत परिपाठाच्या वेळी पाच मिनिटे शांत बसणे आणि महिन्यातून एक तास मुलांचे ऐकून घेणे शिक्षकांना शक्य आहे. मूल एकाएकी अबोल झाले, गैरहजर राहू लागले, तर शिक्षा करण्यापूर्वी विचारपूस करावी. कार्यालयप्रमुखांनी आणि आगार व्यवस्थापकांनी सहकाऱ्याच्या वारंवार रजेमागील कारण सहृदयतेने जाणून घ्यावे. पंचायतीने ग्रंथालयाची वा समाजमंदिराची खोली आठवड्यातून एक सायंकाळ अशा बैठकीसाठी द्यावी. आशा कार्यकर्ती, बचतगटातील एखादी जाणती भगिनी, निवृत्त शिक्षक असे दोघे-तिघे पुढे आले तरी प्रारंभ होतो. मात्र दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. बैठकीत ऐकलेले बाहेर बोलू नये आणि न मागितलेला उपदेश करू नये.

जेथे आपली शक्ती पुरणार नाही, तेथे शासनाची व्यवस्था आहे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे उपचार मिळतात. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या, पंचायतीच्या आणि एसटी स्थानकाच्या फलकावर ठळकपणे लिहावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला आधार द्यावा, असे हा कायदा सांगतो. गावातील अशा कुटुंबाकडे चौकशीच्या नजरेने न पाहता मदतीच्या भावनेने जावे.

बंधुभगिनींनो, रस्ते, पाणी आणि वीज गावात आली म्हणजे विकास झाला, असे आपण म्हणतो. पण त्या रस्त्याने चालणारा माणूस मनाने एकाकी असेल, तर तो विकास अपुराच राहील. आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा असेल, जो अलीकडे बोलेनासा झाला आहे. या आठवड्यात त्याच्या घरी जा. त्याच्याबरोबर तळ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर थोडे चाला. तो बोलेल तेव्हा ऐका. न बोलल्यास नुसते बसा आणि पुन्हा कधी येणार तो वार सांगून उठा. ठरल्या वारी अवश्य जा.