सुटी त्यांची, सण आपले

सण आणि सुटी हे दोन शब्द आपल्या घरांतून जोडीनेंच वावरतात. दिवाळीची सुटी, गणपतीची सुटी, असें आपण म्हणतों, तेव्हां सण आला कीं त्याच्या मागोमाग सुटी आलीच, अशी आपली समजूत असते. मीं तर तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत काढला. तेथें सगळें वर्षच या सुट्यांच्या खुंट्यांवर टांगलेलें असे. परंतु परदेशीं नवा संसार मांडणाऱ्या जोडप्यास पहिल्याच वर्षीं असें कळून येतें कीं, सण आपल्या पंचांगाप्रमाणें येतो, सुटी मात्र त्या देशाच्या सरकारच्या हुकुमानें मिळते, आणि या दोघांची गांठ क्वचितच पडते. चीनमधील शांघाय शहरीं राहणाऱ्या अशा एका जोडप्याचा दिनक्रम २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत मला जवळून पाहावयास मिळाला. जोडपें माझ्याच घरचें. मुलगा आणि सून. मुलगा तेथें यंत्रांच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. सून लग्नापूर्वीं सोलापुरास माध्यमिक शाळेंत गणित शिकवीत असे. लग्नास तीन वर्षें होत आलीं होतीं; त्यांतलीं दोन चीनमध्यें गेलीं.

त्या देशांत परक्या माणसाचा पहिला नमस्कार पोलिसचौकीला घडतो. हॉटेलांत न उतरतां कोणाच्या घरीं उतरलेल्या परकीयानें चोवीस तासांच्या आंत आपली नोंद केली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. मुलगा कामावर गेलेला. तेव्हां सूनच मला चौकीवर घेऊन गेली. तेथल्या अंमलदाराशीं ती चिनी भाषेंत अशा कांहीं सफाईनें बोलली कीं, मी बाजूला बसून नुसता पाहात राहिलों. त्या भाषेंत सुराच्या चढउतारावरून एकाच उच्चाराचे निरनिराळे अर्थ होतात. 'मा' हा उच्चार एका सुरांत आई, तर दुसऱ्या सुरांत घोडा! सुनेनें हे सूर कोठल्या वर्गांत नव्हे, तर घराखालच्या भाजीबाजारांत पक्के केले.

हा बाजार म्हणजे तिचें खरें विद्यापीठ. पालेभाज्यांची तेथें इतकी रेलचेल कीं, आपल्या मंडईनें मान खालीं घालावी. कोथिंबीर मिळते, आलें-लसूण मिळतें, मुळा तर हातभर लांब मिळतो. पण कढीलिंबाचें पान औषधाला दिसत नाहीं. तुरीची डाळ, पोहे, हिंग आणि कणीक हीं भारतीय दुकानांतून मागवावीं लागतात, कारण बाजारांतलें गव्हाचें पीठ मैद्यासारखें आणि त्याची पोळी निवतांच चामट होते. शाकाहारी माणसाची खरी परीक्षा खाणावळींत. 'मांस नको' असें सांगितलें तरी भाजीवर चवीपुरता डुकराचा खिमा पडतो, कारण कित्येक आचाऱ्यांच्या लेखीं तो मसालाच. सुनेनें यावर तोडगा काढला. ती 'ची सू' म्हणते, म्हणजे 'मी निरामिष खातें'. तेथील पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं मांस वर्ज्य करतात. त्यामुळें हे दोन शब्द कानीं पडतांच काय करावयाचें तें आचाऱ्यास समजतें. शांघायमध्यें १९२२ सालीं निघालेलें गोंगदलिन नांवाचें शाकाहारी भोजनगृह आहे. त्या नांवाचा अर्थ पुण्यवन. तेथें मला सोयाबिनाचें बदक वाढण्यांत आलें. पुण्यहि मिळवावयाचें आणि बदकहि सोडावयाचें नाहीं, ही युक्ति मला मोठी मौजेची वाटली.

दुपारीं घर शांत असतें. अशा वेळीं मुलीनें आईशीं दोन शब्द बोलावे, तर तेथेंहि एक विलक्षण पेंच आहे. आपण ज्या व्हॉट्सॲपवर बोलतों तें चीनमध्यें सरळ चालत नाहीं. आणि चीनमध्यें ज्याच्यावर भाजीच्या जुडीपासून घरभाड्यापर्यंत सारे पैसे दिले जातात, त्या वुईचॅटवर भारतानें २०२० च्या जूनमध्यें बंदी घातली. दोन्ही सरकारांनीं आपापलें दार लावून घेतलें आणि मायलेकी दोहोंकडे उभ्या! आपल्याकडचें सिमकार्ड रोमिंगवर ठेवलें म्हणजे दार किलकिलें होतें, पण तें महाग पडतें. त्यांत घड्याळाचें अंतर अडीच तासांचें. सोलापुरांत विहीणबाई साडेसातच्या सुमारास कामांतून मोकळ्या होतात, तेव्हां शांघायला रात्रीचे दहा वाजलेले असतात.

आतां खरी अडचण सांगतों. मुलाला नोकरीचा परवाना आहे. सुनेला मिळालेला परवाना केवळ त्याची पत्नी म्हणून राहण्याचा. त्यावर पगाराचें काम करतां येत नाहीं. शेजारच्या मुलाची शिकवणी पैसे घेऊन केली तरी तो कायद्याचा भंग. स्वतंत्र परवाना काढावा, तर आधीं कोणी नोकरी देऊं करावी लागते. इंग्रजी शिकविणाऱ्यांना तेथें मागणी असते, परंतु तो परवाना बहुधा इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो. जिनें सहा वर्षें साठ-साठ मुलांच्या वर्गास त्रैराशिक शिकविलें, तिची दुपार आतां कपडे धुण्याच्या यंत्राच्या घरघरींत जाते. एके दिवशीं ती मला म्हणाली, "बाबा, इथं मला कुणी वाईट वागवत नाही. पण ही बाई कोण, काय करते, असं विचारणारंही कुणी नाही."

नवरा तिला जपत नाहीं असें मुळींच नव्हे. पण परदेशीं गेलेल्या तरुण जोडप्यांविषयीं बोलतांना पगाराचा आंकडा आपण सगळे विचारतों; दोघांपैकीं कोणाचें काम सुटलें, हें कोणी विचारीत नाहीं. मीं मुलाला स्पष्ट सांगितलें कीं, पुढचा करार करतांना तिच्या परवान्याचा प्रश्न आधीं सोडव, पगारवाढीचें मागाहून बघ. त्यानें मान हलविली. मान हलविण्याचा अर्थ नेहमींच होकार असतो असें नाहीं, हें मी शिक्षकाच्या अनुभवानें सांगतों.

सुट्यांकडे वळतों. चीनमध्यें २०२५ सालापासून सार्वजनिक सुटीचे दिवस वर्षाला तेरा झाले. पूर्वीं ते अकरा होते. मग आठ-आठ दिवसांची सलग सुटी येते कोठून? सरकार आसपासचे शनिवार-रविवार उचलून सुटीला जोडतें, आणि त्यांची भरपाई दुसऱ्या एखाद्या शनिवारीं किंवा रविवारीं काम करवून घेतें. या व्यवहारास तेथें 'त्याओश्यू' म्हणतात. त्यांचा राष्ट्रीय दिन १ ऑक्टोबरला. २०२५ सालीं १ ते ८ ऑक्टोबर सुटी मिळाली. पण २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाला लागला. अपुरी चादर डोक्याकडे ओढावी तों पाय उघडे पडावे, तशांतला हा प्रकार.

सर्वांत मोठा उत्सव वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष. २०२५ सालीं तें २९ जानेवारीस सुरू झालें आणि सुटी ४ फेब्रुवारीपर्यंत होती. या सुमारास सगळा देश आपापल्या गांवीं निघतो. चाळीस दिवसांच्या या हंगामांत सुमारें नऊ अब्ज फेऱ्या होतील, असा त्या वर्षींचा सरकारी अंदाज होता. शांघाय हें पोटासाठीं आलेल्यांचें शहर. तें ओस पडतें. भाजीवाली जाते, घरकामाची बाई जाते, पार्सलें पोंचविणारा पोरगा जातो. शहराच्या बाहेरच्या वर्तुळमार्गाच्या आंत २०१६ पासून फटाक्यांनाहि बंदी आहे, तेव्हां आवाजाचीहि सोबत नाहीं. "सगळे आपापल्या आईकडे गेले, आणि आम्ही दोघं राखणदार म्हणून राहिलो," असें मुलानें त्या वेळीं फोनवर सांगितलें होतें. त्यांना यावयाचें नव्हतें असें नाहीं. पण २०२० पासून बंद पडलेलीं दोन देशांमधलीं सरळ विमानें २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कोठें पुन्हां सुरू झालीं. त्यापूर्वीं हाँगकाँग, मुंबई, मग सोलापूर, अशा जाण्यायेण्यांत निम्मी सुटी खर्ची पडे, आणि तिकिटांचे दर नेमके त्याच आठवड्यांत आकाशाला भिडत.

समोरच्या बिऱ्हाडांतील आजीबाई मात्र मूळच्या शांघायच्या, म्हणून त्या राहिल्या. नववर्षाच्या दिवशीं त्यांनीं तांदुळाच्या पिठाचे गोळे आणून दिले. बाहेरून पाहावें तर उकडीच्या मोदकाची पारी; आंत काळे तीळ आणि साखर; पण तें सारण परंपरेनें डुकराच्या चरबींत मळतात. सुनेनें 'ची सू' म्हणतांच आजीबाईंनीं वाटी परत नेली, आणि सायंकाळीं तेलांत सारण मळून नवे गोळे करून आणले. त्याच वेळीं त्यांनीं बजावलें कीं, आज केर काढूं नकोस, घरांतलें भाग्य झाडलें जाईल. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिलाच हळदकुंकू वाहतात. एकीकडे लक्ष्मी केरसुणींत वसते आणि दुसरीकडे ती केरसुणीला भिते!

पंचांगाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चिनी लोकांचे बहुतेक सण आपल्यासारखेच चांद्रमासाचे, आणि ऋतूंशीं मेळ राखण्यासाठीं त्यांनाहि अधिक मास धरावा लागतो. नियमहि जवळजवळ एकच : ज्या चांद्रमासांत सूर्याचें संक्रमण होत नाहीं तो अधिक. त्यांचें संक्रमण सायन आणि आपलें निरयन, म्हणून दोघांचे अधिक मास बहुधा एकत्र येत नाहींत. २०२३ सालीं आपला श्रावण अधिक होता, त्यांचा दुसरा महिना. २०२५ सालीं त्यांचा सहावा महिना अधिक झाला, आपल्याकडे त्या वर्षीं अधिक मास नव्हताच. सुनेनें दोन्ही कॅलेंडरें स्वयंपाकघराच्या दारावर शेजारीं शेजारीं टांगलीं आहेत. गणिताच्या बाईंची संवय ती! त्यावरून तिनें सहा महिने आधींच हेरून ठेवलें होतें कीं, २ ऑक्टोबरचा दसरा आणि ६ ऑक्टोबरची कोजागिरी हे दोन्ही सण त्या वर्षीं चिनी सुटीच्या पदरांत पडतात. इतकेंच नव्हे, तर कोजागिरी आणि त्यांचा मध्यशरदाचा पौर्णिमेचा सण एकाच दिवशीं. दसऱ्याला आपटा कोठून आणणार? हाँगकाँगच्या ध्वजावरील फूल कांचनाच्या जातीचें, म्हणजे आपट्याच्याच गोतांतलें. पण शांघायच्या रस्त्यांवर तें झाड माझ्या दृष्टीस पडलें नाहीं. सोनेरी कागदाचीं पानें कातरून आम्हीं सोनें लुटलें.

सोलापूरच्या माणसानें चीनमध्यें जाऊन एक ठिकाण चुकवूं नये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघे निघालों. शांघाय ते पेइचिंग हें १३१८ किलोमीटरचें अंतर वेगवान आगगाडी साडेचार तासांच्या सुमारास तोडते. तेथून पुढें शिजियाझुआंग तास-सव्वा तासावर. तेथील हुतात्म्यांच्या दफनभूमींत डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची समाधि आणि पुतळा आहे. १९३८ सालीं चीनला गेलेल्या पांच भारतीय डॉक्टरांपैकीं ते एक. शांतारामांच्या १९४६ च्या बोलपटामुळें ही कथा आपल्याकडे ठाऊक आहे. १९४१ च्या अखेरीस त्यांनीं ग्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुलगा झाला, त्याचें नांव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षीं, डॉक्टर गेले. सुट्यांची यादी त्या संसारास ठाऊक नव्हती. सभोंवार युद्ध चाललें होतें. सून बराच वेळ पुतळ्यासमोर उभी होती. "जेमतेम एक वर्षाचा संसार," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानें, "पण काम दोघांचंही होतं." मुलगा तिच्याकडे पाहूं लागला. मीं मध्यें बोलणें टाळलें.

कोजागिरीला आम्हीं दूध आटविलें. शांघायमध्यें त्या सणाला डुकराच्या मांसाच्या चंद्रपोळ्यांसाठीं रांगा लागतात. आजीबाईंनीं आमच्यासाठीं आठवणीनें लाल घेवड्याच्या पुरणाच्या आणल्या. चव थेट पुरणपोळीच्या माहेरची. गोडी मात्र बेताची.

दिवाळीला मात्र पंचांगानें हात आंखडता घेतला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, मंगळवारीं. मुलगा नेहमींप्रमाणें सकाळीं कारखान्यांत गेला. मीं नेलेल्या भाजणीच्या चकल्या सुनेनें तळल्या, आणि गेल्या नववर्षाचा चिनी लाल कंदील आकाशकंदील म्हणून खिडकींत टांगला. मुलगा परत आला तेव्हां रात्रीचे साडेआठ झाले होते. मुहूर्त टळला म्हणून तो खट्टू झाला. सून घड्याळाकडे पाहून म्हणाली, "सोलापुरात आत्ता सहा वाजलेत. पूजा तिथल्या वेळेनं करू." गणितांत चूक नव्हती. शास्त्राचें काय तें शास्त्री जाणोत. मीं पळी-पंचपात्र पुढें ओढलें.

मी परतल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभीं, चीन सरकारनें २०२६ सालच्या सुट्यांची यादी जाहीर केली. त्या रात्रीं सुनेचा फोन आला. पुढल्या वर्षीं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारीं. तिनें पहिली गोष्ट पाहिली ती हीच कीं, हा रविवार भरपाईच्या कामाच्या दिवसांत तर नाहीं ना. तो नव्हता. मुलाच्या कराराचें तोंवर ठरलें नव्हतें. "तेव्हा आम्ही शांघायला असू की सोलापूरला, ते अजून सांगता येत नाही, बाबा," ती म्हणाली, "पण भाजणी थोडी जास्त करून ठेवा."