बर्फाची पेटी आणि थर्मामीटर



कुंभारमाठच्या या तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकलला आले तेव्हा वर्गात मुली मोजक्याच होत्या. आमचे वर्कशॉपचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्ही पहिल्याच आठवड्यात हातात कानस दिलीत आणि लोखंडाचा तुकडा काटकोनात येईपर्यंत घासायला लावलंत. झाला म्हणून आणून दाखवला, की तुम्ही त्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचात. फटीतून उजेड आला की परत घासायचं. डोळ्याला बरोबर वाटतं ते मापात बरोबर असेलच असं नाही, हे तेव्हा हाताला कळलं. ग्रंथपाल बाईही आल्या आहेत. सुखात्मे सरांचं हीट ट्रान्सफरचं पुस्तक तुम्ही मला सुट्टीभर घरी ठेवू दिलंत, बाई. ते पुस्तक मी आमच्या पडवीत बसून वाचलं.

मला विषय दिलाय हीट ट्रान्सफरमधल्या नव्या संशोधनाचा. तो मी बंदरावरूनच सुरू करते. माझी आई मासे विकायची. ती म्हणायची, "बाय, बरफ संपलो काय मासो गेलो." एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तीस अंशांवरचा जवळजवळ तीन किलो बांगडा शून्यावर आणायला एवढी उष्णता पुरते. तरीही आपले मच्छीमार माशाइतकाच बर्फ घेऊन जातात, आणि ते बरोबरच करतात. कारण बाकीचा बर्फ मासा गार करण्यात जात नाही. पेटीच्या भिंतीतून, झाकणाच्या फटीतून आत येणारी उष्णता थोपवण्यात तो संपतो. बांगडा वेळेवर गार झाला नाही तर त्यात हिस्टामीन हे अपायकारक द्रव्य तयार होतं. ते नंतर बर्फात ठेवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही.

आता बर्फाची लादी घ्या. मिठाच्या थंड पाण्यात डबे बुडवून ती गोठवतात. गोठण बाहेरून आत सरकते, आणि जमलेला बर्फच आतल्या पाण्याची उष्णता बाहेर जायला अडवतो. योझेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फासाठी हा हिशेब मांडला. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. म्हणून पातळ पापुद्र्यांचा बर्फ झटपट होतो. आज जगभर ठरावीक तापमानाला गोठणाऱ्या-वितळणाऱ्या पदार्थांवर काम चाललंय. दिवसा सौर विजेवर ते गोठवायचे, पेटीच्या भिंतीत भरायचे आणि रात्रभर माल गार ठेवायचा. आपल्या किनाऱ्याला याहून जवळचं संशोधन मला दिसत नाही.

माझं स्वतःचं काम डेटा सेंटरच्या गारव्याचं. सर्व्हरला दिलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून आता थंड द्रव थेट चिपपर्यंत नेतात. ही हवा, हे पाणी कुठून कसं वाहील हे आम्ही संगणकावर काढतो, ते मुख्यतः पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सुहास पाटणकरांच्या वाटेने. त्यांनी आणि स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये 'सिंपल' ही पद्धत मांडली. जागेचे बारीक कप्पे करायचे, दाब अंदाजाने धरायचा, प्रवाह काढायचा, आणि प्रत्येक कप्प्यात आलेलं-गेलेलं जुळेपर्यंत दाब सुधारत राहायचा. जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही ही पद्धत आहे. पण भिंतीची जाडी, बाहेरचं तापमान हे आकडे चुकीचे भरले, तर संगणक चुकीचंच उत्तर रंगीत करून दाखवतो.

म्हणून पोरांनो, मोजा. खिशात थर्मामीटर ठेवा, बरोबर वही ठेवा. मोबाइलवर आकडे सापडतात, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीचे असतात. मालवणच्या मे महिन्यातल्या दमट हवेत, दिवसातून अनेकदा झाकण उघडणाऱ्या पेटीचा आकडा तुम्हीच काढायचा आहे. नोकरीला पुण्याला जा, मुंबईला जा, मीही गेले. पण जाण्याआधी गावातलं एक तरी यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून जा. मुलींना मी हे जास्त आग्रहाने सांगते. बंदरावर बर्फ विकत घेणारी, टोपलीत मासा राखणारी बहुतेक बाईच असते, आणि तिची पेटी सुधारायचा हिशेब अजून कुणी केलेला नाही असं मला वाटतं.

दुसऱ्या रांगेत बर्फ कारखान्याचे काका बसलेत. काका, ही मुलं रविवारी आली तर त्यांना डब्यात थर्मोकपल सोडू द्याल? लादीच्या मध्यापर्यंत गोठण पोचायला किती वेळ लागतो, एवढंच त्यांना बघायचंय. काका मान डोलावतायत. मग प्राचार्य सर, प्रयोगशाळेतला तापमान नोंदवायचा संच शनिवारी संध्याकाळी मुलांच्या हातात द्या, आणि बर्फ कारखान्यासारख्या अमोनिया असलेल्या जागेत त्यांच्याबरोबर एक शिक्षकही पाठवा.