विजेच्या बिलाचा घरगुती हिशेब

महिन्याकाठी घरात एक कागद येतो. तो आला की घरातले सूर बदलतात. कोणी म्हणतो, पंखा फार चालतो. कोणी म्हणतो, टीव्ही बंद करा. म्हातारी माणसे उठून दिवे मालवू लागतात. आणि ज्या वस्तूने खरोखर बिल वाढवले ती वस्तू न्हाणीघरात खुंटीला निवांत टांगलेली असते. तिचे नावही कोणी घेत नाही. असे का होते, आणि कोणत्या वस्तूला किती खर्च येतो हे आपले आपल्याला कसे काढता येईल, ते आज पाहू. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही हा हिशेब जमेल. शिक्षकबंधुभगिनींनी तो सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घ्यावा.

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ : वॅट आणि युनिट. वॅट म्हणजे वीज खाण्याचा वेग. जेम्स वॅट या यंत्रज्ञाचे नाव या मापाला देण्याची सूचना १८८२ साली झाली. नळाची धार बारीक की मोठी, तसा हा वॅट. नळाखाली हंडा किती भरला हे मात्र धार किती वेळ चालली त्यावर ठरते. विजेचा हा हंडा म्हणजे युनिट. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झाले. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. तेव्हा सूत्र एवढेच : वॅट गुणिले तास, भागिले हजार.

वॅटचा आकडा कुठे सापडतो? इस्त्रीच्या पाठीवर, मिक्सरच्या बुडाशी, पंख्याच्या खोक्यावर, दिव्याच्या गळ्याशी. चष्मा लावून पाहिले की दिसतो.

आता दर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून चढा, ३०१ ते ५०० ला आणखी चढा आणि त्यापुढे सर्वांत चढा, अशा पायऱ्या असतात. हे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून मी येथे आकडा सांगत नाही. तुमच्या बिलावर तो छापलेला आहे. शिवाय वीज आकाराखेरीज वहन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार हा नावाप्रमाणे स्थिर. घराला कुलूप लावून गावी गेलात तरी तो येणारच. त्यासाठी पंख्याला दोष देऊ नका.

या पायऱ्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक म्हणतात, १०१ वे युनिट पडले की सगळीच्या सगळी युनिटे चढ्या दराने लागतात. तसे नाही. १३० युनिटे जळाली तर पहिली १०० पहिल्याच दराने लागतात आणि वरची ३० फक्त चढ्या दराने. पण याचीच दुसरी बाजू कामाची आहे. तुम्ही पाच युनिटे वाचवलीत तर ती वरच्या टोकाची, म्हणजे महाग युनिटे वाचतात. म्हणून बचतीचा हिशेब करताना सरासरी दर न घेता तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या पायरीचा दर घ्यावा.

आज बोलण्याच्या सोयीसाठी मी युनिटला सरसकट दहा रुपये धरतो. त्यात एक गंमत आहे. शंभर वॅट, एक तास, एक रुपया, असे सोपे कोष्टक बसते. तुमचा दर आठ असेल तर उत्तराला आठने गुणून दहाने भागा.

चला, घरात फिरू. ओसरीवरचा साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. रात्री आठ तास चालला की ६०० वॅट-तास, म्हणजे सहा रुपये. महिन्याचे १८० रुपये. हल्ली बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. त्यांची मोटर वेगळ्या बनावटीची असते आणि ते तीस वॅटच्या आसपास घेतात. त्याला महिन्याचे ७२ रुपये. किमतीत किती फरक आहे तो दुकानात विचारा आणि १०८ ने भागा. तितक्या महिन्यांत फरक फिटतो. अर्थात पंखा वर्षाचे बाराही महिने चालत नाही, हे धरून. पंखा हळू फिरवल्याने वीज वाचते का, असेही विचारतात. जुना, हाताला गरम लागणारा, ठोकळ्यासारखा रेग्युलेटर असेल तर फारशी वाचत नाही. पंख्याकडून वाचलेली बरीच वीज तो ठोकळाच तापून खातो. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वाचते.

गोठ्यात अजून कुठे कुठे साठ वॅटचा पिवळा दिवा लोंबत असतो आणि तो रात्रभर, बारा तास जळतो. ६० गुणिले १२, म्हणजे ७२०. दिवसाला सात रुपये वीस पैसे, महिन्याला २१६ रुपये. तेवढाच उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो, त्याला महिन्याचे बत्तीस रुपये. येथे विचार करत बसण्यासारखे काही नाही. उद्या बाजारात जाल तेव्हा दिवा आणा.

मिक्सरचा मात्र उगाच बोभाटा आहे. तो घर डोक्यावर घेतो म्हणून वाटते, केवढी वीज खातो! साडेसातशे वॅटचा मिक्सर चटणीला पाच मिनिटे चालला तर साठ-बासष्ट पैसे झाले. आवाजाचे बिल येत नसते. मोबाईल एकदा पुरता भरायला साधारण वीस पैसे लागतात. उलट टीव्हीखालचा तो छोटा डबा पाहा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी त्यावरचा ठिपका जळत राहतो. काही डबे या स्थितीतही दहाएक वॅट घेत राहतात. दहा वॅट, चोवीस तास, तीस दिवस : सात युनिटांच्या वर, बहात्तर रुपये. भिंतीवरचे बटण बंद केले की झाले.

फ्रिजला आपले सूत्र सरळ लागू पडत नाही, कारण त्याचे यंत्र थंडावा पुरेसा झाला की थांबते आणि पुन्हा सुरू होते. वॅटला चोवीसने गुणाल तर भलतेच उत्तर येईल. त्यासाठी दारावरची ताऱ्यांची चिठ्ठी पाहावी. ऊर्जा दक्षता ब्यूरोने ही चिठ्ठी २००६ सालापासून सुरू केली. तीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात. २४० लिहिले असतील तर महिन्याला वीस, म्हणजे दोनशे रुपये. तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला, आत गरम भात ठेवला, दार सारखे उघडले, तर खर्च वाढणारच.

आता त्या खुंटीवरच्या वस्तूकडे येऊ. पाणी तापवण्याचा रॉड. तो आवाज करत नाही, उजेड पाडत नाही, फिरत नाही; त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. पण विजेपासून उष्णता काढायची म्हटली की ती महागच पडते.

शिक्षकांसाठी हिशेब सांगतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. बादलीत वीस लिटर पाणी आहे, ते २५ अंशांवरून ४५ वर न्यायचे आहे. वीस गुणिले वीस, ४००. त्याला ८६० ने भागा : सुमारे ०.४७. थोडी उष्णता हवेत जाते ती धरून अर्धे युनिट म्हणा, पाच रुपये. आणि थंडीत पाणी १५ अंशांवर असेल तर तीस अंश चढवावे लागतील, मग सात रुपयांपर्यंत जाते. म्हणजे एका बादलीच्या विजेत पंखा जवळजवळ रात्रभर फिरला असता.

येथे पुष्कळ जण फसतात. दीड हजार वॅटचा रॉड जास्त खातो म्हणून हजाराचा आणतात. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. मोठा रॉड ती वीस मिनिटांत देईल, लहान अर्ध्या तासात. युनिटे सारखीच. वाचवायची असेल तर पाणी कमी घ्या किंवा कमी तापवा. जे कढत करून मग त्यात गार पाणी ओतले जाते तेही हिशेबात काही वेगळे नाही. पण तापवून विसरून गेलात, तर वाफ होऊन पैसा कौलांतून वर जातो. आणि एक इशारा : पाणी तापले का हे पाहायला रॉड चालू असताना बादलीत बोट घालू नका. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात.

असे एक घर माझ्या पाहण्यात आहे. दोन भाऊ शेजारी-शेजारी राहतात, चुली वेगळ्या, पण मीटर वडिलांच्या वेळचा एकच. बिल निम्मे-निम्मे भरायचे. धाकट्याने फ्रिज आणला आणि कुरबुर सुरू झाली. थोरला म्हणे, “तुझं यंत्र दिवसरात्र घुंई-घुंई करतंय, दोन वाटे तू भर.” बोलाचाली इतकी वाढली की सणाला ताटे वेगळी पडू लागली. थोरल्याच्या घरात काटकसर म्हणून नियम झाला : रात्री नऊला सगळे दिवे बंद. त्यात दहावीतल्या मुलीचा अभ्यासाचा दिवाही आला. ती पोर पहाटे उजाडण्याची वाट पाहत बसे.

पुढे शाळेतल्या गुरुजींनी वर्गाला घरच्या विजेचा हिशेब करून आणायला सांगितला. मुलीने दोन्ही घरांचा मिळून केला. काकांचा फ्रिज महिन्याला वीस युनिटे. काकांचा टीव्ही ऐंशी वॅटचा, रोज चार तास, सुमारे साडेनऊ युनिटे. त्यांच्या अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. आणि आपल्या घरात माणसे पाच, रोज पाच बादल्या, प्रत्येकी अर्धे युनिट : महिन्याला पंचाहत्तर युनिटे. शेवटच्या ओळीत तिने आपला दिवा लिहिला होता. नऊ वॅट, रोज तीन तास, महिन्याला पाऊण युनिटाच्या किंचित वर. आठ रुपये.

थोरल्याने ती वही दोनदा वाचली म्हणतात. मग तो म्हणाला, “आमच्याकडे माणसं पाच आहेत, पाणी लागणारच की!” हेही खरेच आहे. कोण किती वीज वापरतो एवढे गणित सांगते. कोणी किती भरावे हे घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते. त्या भावांनी असे ठरवले की रॉडची आणि फ्रिजची युनिटे ज्याची त्याने भरायची. स्थिर आकारासकट उरलेले बिल निम्मे. थोरल्याकडे आता उन्हाळ्यात रॉड निघतच नाही. हिवाळ्यात बंब पेटवावा का यावर त्या घरात अजून एकमत नाही, आणि मला विचाराल तर घरातल्या बाईचे म्हणणे आधी ऐकावे. लाकूड फुकट दिसले तरी धूर तिच्या डोळ्यांत जातो. मुलीचा दिवा मात्र त्याच रात्रीपासून अकरापर्यंत जळू लागला.

आता ज्यांच्या वस्तूवरचा आकडा पुसला गेला आहे किंवा ज्यांचा त्यावर विश्वास नाही, त्यांच्यासाठी मीटरचीच युक्ती सांगतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. शेजारी आकडा छापलेला असतो : कुठे १६००, कुठे ३२००, कुठे ६४००. एका युनिटाला ठिपका इतक्या वेळा लुकलुकतो असा त्याचा अर्थ. घरातले बाकी सगळे बंद करा, फक्त पंखा ठेवा. मीटर ३२०० चा असेल आणि पंखा ७५ वॅटचा असेल तर मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. दहा मिनिटे मोजा म्हणजे चूक कमी होईल. हजार वॅटची इस्त्री लावली तर मिनिटाला त्रेपन्न. मोजता मोजता पुरेवाट होईल. पण इस्त्री तापली की मधूनच आपोआप बंद होते, म्हणून ती पुरी दहा मिनिटे पाहावी. आणि घरात सगळे बंद असूनही ठिपका लुकलुकत राहिला, तर काहीतरी चालू राहिले आहे किंवा वायरिंगमधून वीज गळते आहे. अशा वेळी स्वतः खटपट न करता जाणत्या वायरमनला बोलवावे.

शाळेत हा प्रयोग करायचा तर मुलांना मीटरपासून हातभर लांब उभे करा. पाहायचे आहे, शिवायचे नाही. घरी मुलांनी रोज ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सातला, मीटरवरचा आकडा वहीत लिहावा. आज ४२१७, उद्या ४२२१, म्हणजे चार युनिटे. शेजारी त्या दिवशी काय विशेष झाले तेही लिहावे : पाहुणे आले, इस्त्री झाली, दिवसभर वीज नव्हती. महिना भरला की बिलावरची मागील आणि चालू नोंद आपल्या वहीशी ताडून पाहावी. आकडे जुळले नाहीत तर मीटरचा फोटो आणि ती वही घेऊन वीज कचेरीत जावे. तारखेवार आकडे हाती असले म्हणजे तेथे बोलणे सोपे जाते.