डोक्यास मुका मार लागल्यानंतर



स्कूटरवरून पडून डोक्यास मुका मार लागतो, स्कॅनमध्ये दोष दिसत नाही, तरी डोकेदुखी, घेरी व विस्मरण कित्येकांस महिना उलटूनही सोडीत नाही. घरची मंडळी यास सोंग म्हणतात, हा अन्याय होय. बिघाड मेंदूच्या कार्यात असतो, तो चित्रात उमटत नाही. उलटपक्षी काही जण रुग्णास आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवितात. खेळांतील अशा दुखापतींविषयी २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या परिषदेने सक्त विश्रांती अनावश्यक ठरविली. पहिले एकदोन दिवस आराम, मग सावकाश चालणे. दुखणे दहापैकी दोन अंशांहून अधिक वाढल्यास थांबावे. बदामाची महती आपल्याकडे मोठी, पण वेळेवर वरणभात, पाणी व झोप अधिक मोलाची, मद्य वर्ज्य. वारंवार वांती, वाढती गुंगी वा आकडी दिसताच मात्र रुग्णालय गाठावे.